पाककृतीत तेल ‘आवश्यकतेनुसार’ का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत डावीकडच्या पानावर वजन कमी कसे करावे याचा लेख असतो आणि उजवीकडच्या पानावर पाककृती. दोन्ही पाने मी मन लावून वाचते. डावीकडे लिहिलेले असते, ‘मोजूनमापून खा’. उजवीकडे असते, ‘तेल आवश्यकतेनुसार’, ‘साखर आवडीनुसार’, आणि एवढे करून झालेला पदार्थ किती जणांना पुरेल याचा पत्ताच नसतो. मोजायचे तर ते कशाने आणि कुठे, हे या दोन पानांनी एकदा आपसांत ठरवून घ्यावे, एवढ्यासाठी हे पत्र. लांबले तर खुशाल कापा, पण तेलाचा परिच्छेद राहू द्या.

मी एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पर्यवेक्षिका होते. आहारतज्ज्ञ नव्हे. आहारतज्ज्ञ चिठ्ठ्या लिहीत. चिठ्ठीवरचे आकडे ताटात उतरवायचे काम आमचे. भिंतीवर डाव मापाच्या क्रमाने टांगलेले असत: ५० मिलीलिटरचा, १०० चा, १५० चा, प्रत्येकाच्या दांड्यावर आकडा कोरलेला. चिठ्ठीवर भात १५० असला की तो डाव एकदा, आणि सपाट. हे ‘सपाट’ नव्या माणसाच्या अंगवळणी पडायलाच सर्वांत वेळ लागे. वाढणाऱ्याचा हात मायेने शीग लावतो. शीग लागली की १५० चा डाव सहज २०० च्या घरात जातो, आणि वाढणारा मात्र शपथेवर सांगतो की मी एकच डाव घातला.

‘बाई, एवढ्याने काय होतंय?’ असे विचारणाऱ्याला मी एक दिवस गाडी घेऊन शेवटच्या वॉर्डात पाठवत असे. पहिल्या वॉर्डात शीग लागली की शेवटच्या वॉर्डात पातेले खरवडायची वेळ येते, आणि खाली पाहत ‘आज जरा कमीच आहे’ असे सांगावे लागते. आमच्याकडे माप आले ते कोणाला बारीक करायला नव्हे. सर्वांना सारखे मिळावे आणि शिधा महिनाअखेरपर्यंत पुरावा, एवढाच त्यामागचा हिशेब. पण तिथे राहून एक गोष्ट दिसली. वाढले तेवढे माणसे बहुतेक संपवत. कमी वाढलेली ताटे रिकामी येत, जास्त वाढलेलीही रिकामीच येत. मागून भात हवा म्हणणारे असत, पण मला वाटले होते त्याहून फार थोडे.

हेच पुढे शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मोजले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाच्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा आहे. त्याच लोकांना वेगवेगळ्या दिवशी पास्त्याचा एकच पदार्थ दिला. कधी ५०० ग्रॅम, कधी ६२५, कधी ७५०, कधी १००० ग्रॅम. हवे तेवढे खा, उरले तर राहू द्या. सर्वांत मोठ्या वाढपाच्या दिवशी त्यांनी सर्वांत लहान वाढपाच्या दिवसापेक्षा ३० टक्के जास्त खाल्ले. जेवणानंतर पोट भरल्याची भावना विचारली तर दोन्ही दिवशी जवळजवळ सारखीच. समोर आलेले माप दर वेळी वेगळे होते हे निम्म्याहून अधिक लोकांच्या लक्षातही आले नव्हते.

याच गटाचा २००० सालचा प्रयोग मला त्याहून बोलका वाटतो. तीन वर्षांच्या आसपासच्या मुलांपुढे कमी ठेवा की जास्त ठेवा, ती आपल्या भुकेपुरतेच खात. पाच वर्षांची मुले मात्र पुढ्यात जास्त आले की जास्त खात. मधल्या दोन वर्षांत काय होते? माझे मत विचाराल तर मोठी माणसे होतात. ‘शेवटचा घास’, ‘ताट स्वच्छ कर मग उठ’, हे ऐकत ऐकत मूल पोटाकडे पाहायचे सोडून ताटाकडे पाहायला लागते. हे माझे मत आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नाही, हे नोंदवून ठेवते. नाहीतर उद्या कोणी तेही ‘संशोधन सांगते’ म्हणून छापेल.

कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये अशा ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वाढप मोठे, पाकीट मोठे किंवा भांडे मोठे असले की माणसे सातत्याने जास्त खातात-पितात, असेच त्यातून निघाले. म्हणूनच खाणाऱ्याच्या निग्रहावर सगळा भार टाकणारे लेख मला पटत नाहीत. जेवायला बसलेल्या भुकेल्या माणसाने स्वतःशी भांडावे, घास उचलताना अपराधी वाटून घ्यावे, ही अपेक्षाच चुकीच्या जागी ठेवलेली आहे. किती खाल्ले जाणार हे बरेचसे डाव पातेल्यात बुडतो तेव्हाच ठरलेले असते, आणि तो डाव बहुतेक घरांत खाणाऱ्याच्या हातात नसतो. वजन कमी करायचे आहे नवऱ्याला आणि लेख वाचायला हवा वाढणारीने, किंवा याच्या उलट. असा हा मामला आहे.

आता ‘लहान ताटात जेवा’ या सल्ल्याविषयी. आपल्या पुरवणीत तो वरचेवर येतो. मोठ्या वर्तुळातला घास लहान दिसतो हा दृष्टिभ्रम खरा आहे. बेल्जियमच्या जोसेफ डेल्बफ यांनी तो १८६५ मध्ये दाखवला. पण ताट बदलले म्हणून पोटात कमी जाते याचे पुरावे एकसारखे नाहीत. या क्षेत्रातले सर्वांत गाजलेले नाव कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉन्सिंक यांचे. २०१८ मध्ये विद्यापीठाने त्यांच्यावर संशोधनातील गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि त्यांचे बरेच शोधनिबंध मागे घेतले गेले. तेव्हा लहान ताट घ्यायचे तर जरूर घ्या, पण त्याच्यावर विसंबू नका. लहान ताटात दोनदा वाढून घेणारी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत.

डोळ्यांना खरे फसवते ते खोलगट भांडे. दोन वाट्या घ्या, घडण एकच, एकीचे तोंड १० सेंटिमीटर आणि दुसरीचे १२. शेजारी ठेवल्या तर दुसरी ‘जराशी’ मोठी वाटते. प्रत्यक्षात तीनही दिशांनी दीडपट नव्हे, फक्त १.२ पट वाढूनही तिच्यात सुमारे ७३ टक्के जास्त मावते. म्हणून ‘एक वाटी भात’ या शब्दांना काही अर्थ नाही. कोणाची वाटी?

आपली वाटी किती मापाची हे कळायला काही विकत आणावे लागत नाही. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर रिकामी वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. पाण्याचे जितके ग्रॅम तितके मिलीलिटर. हेच घरातल्या डावाचे, भातवाढीचे आणि चमच्यांचे करा. हे एकदाच करायचे असते. काटा नसेल तर औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे मापाचे टोपण चालते. वेळ लागेल एवढेच. घरातला ‘लहान चमचा’ ५ मिलीलिटरचा आहे असे ज्यांना वाटते त्यांनी तो आधी मोजावा. बहुतेक जण चकित होतात.

आता तेल. प्रथिनांच्या किंवा पिष्टमय पदार्थांच्या एका ग्रॅममधून सुमारे ४ कॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममधून ९. विल्बर ॲटवॉटर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसवलेले हे आकडे आजही वेष्टनांवरच्या हिशेबाला चालतात. ५ मिलीलिटर तेल म्हणजे साधारण ४० कॅलरी, १५ मिलीलिटरचा मोठा चमचा म्हणजे १२० च्या आसपास. शिजलेला १०० ग्रॅम भात घेतला तर त्यात साधारण १३० कॅलरी असतात. म्हणजे जी व्यक्ती भाताचा अर्धा डाव मोठ्या निर्धाराने बाजूला ठेवते, तिने वाचवलेल्या कॅलरी फोडणीत बाटली जराशी तिरपी राहिली की परत ताटात येतात. भात दिसतो, त्याची भीती वाटते. तेल भाजीत मुरते आणि दिसत नाही. आमच्या स्वयंपाकघरात सर्वांत कडक माप तेलाचे असे. बाटलीतून थेट कढईत ओतायला मनाई होती. तेल आधी पळीत, मग कढईत.

घरच्यासाठी त्याहून सोपी युक्ती आहे. महिन्याला घरात किती लिटर तेल संपते ते पाहा, त्याला जेवणाऱ्या माणसांनी आणि मग ३० ने भागा. एका लिटरमध्ये जवळपास ८,२०० कॅलरी असतात. चार माणसांत महिन्याला ४ लिटर संपत असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला रोज ३३ मिलीलिटर, म्हणजे सुमारे २७० कॅलरी नुसत्या तेलाच्या. लोणी, दाणे, बाहेर खाल्लेले तळण यांतली चरबी वेगळीच. तळून उरलेले तेल टाकून देत असाल तर तेवढे वजा करा. रोजच्या रोज वहीत लिहिण्यापेक्षा हा हिशेब बरा. महिन्यातून एकदा करायचा आणि खोटे बोलायला वाव नाही, कारण रिकामे डबे समोर असतात.

मोजमाप ऐकले की लोक लगेच सगळेच निम्मे करतात आणि आठवडाभरात वैतागतात. तसे करू नये. पोटाला कळते ते प्रामुख्याने आकारमान. जठराच्या भिंती ताणल्या गेल्याचा निरोप मेंदूकडे जातो, त्याला त्यातल्या कॅलरी मोजता येत नाहीत. म्हणून भाज्या, पातळ सूप, पाणीदार फळे यांचे माप कमी करायचे कारण नाही, वाढवले तरी चालेल. जेवणाआधी सूप घेणाऱ्यांनी सूपसकट त्या जेवणात सुमारे २० टक्के कमी कॅलरी घेतल्या, असे रोल्स यांच्याच २००७ च्या प्रयोगात दिसले. फक्त त्या सुपात लोण्याचा गोळा नको. कडधान्ये, अंडी, मासे यांनाही हात लावू नये. प्रथिनांनी पोट जास्त वेळ शांत राहते. कात्री लावायची ती तेल, साखर, गोड पेये आणि मग भात-पाव-बटाटा यांना, आणि तीही एका वेळी एकाच ठिकाणी, एका मापाने. फळांचा रस मी फळांत धरत नाही. पिऊन घेतलेल्या कॅलरींनी भूक फारशी भागत नाही.

पातेले जेवायच्या जागी आणून ठेवू नये. ओट्यापाशी वाढावे आणि ताट घेऊन बसावे. दुसरे वाढप बंद करायची गरज नाही, फक्त लगेच घेऊ नये. आतड्यातून निघणारे तृप्तीचे संदेश मेंदूपर्यंत पोचायला साधारण २० मिनिटे लागतात असे मानतात. एवढ्या वेळानंतरही हवेसे वाटले तर ती भूक खरी, घ्या.

पहिले काही दिवस ठरल्या वेळी पोट कुरकुरेल. घ्रेलिन नावाचे भुकेचे संप्रेरक असते, ते जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ मध्ये शोधले. रोजच्या जेवणाच्या वेळेआधी ते चढते आणि नंतर उतरते. त्या वेळची भूक बरीचशी घड्याळाची असते. हे कळले की तिला घाबरायला होत नाही.

खाण्याआधी माप ठरवणाऱ्यांत मला सर्वांत आवडतो तो इटलीतला वैद्य सांतोरिओ. हा १५६१ ते १६३६ या काळातला. त्याने तराजूच्या दांडीला खुर्ची टांगली आणि वर्षानुवर्षे त्या खुर्चीत बसून स्वतःचे वजन, खाल्लेले-प्यालेले आणि शरीराबाहेर पडलेले, सगळे तोलले. जेवायला तो तिथेच बसे. ठरलेले अन्न पोटात गेले की खुर्ची किंचित खाली येई, आणि हा उठे. खाणाऱ्याने मन आवरण्याचा प्रश्नच नाही, दांडीच सांगायची. आमच्या एका मदतनिसाला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, ‘बाई, घरी त्याला वाढायला कोणी नसणार.’

आपल्या लेखांत ‘पहिल्याच आठवड्यात दोन किलो’ अशी वाक्ये येतात, त्याबद्दल थोडे. खाणे एकदम कमी केले की यकृत आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजेन वापरले जाते, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणी बांधलेले असते. सुरुवातीला काटा धाडकन उतरतो तो बराचसा या पाण्यामुळे. नीट जेवले की पाणी परत येते आणि माणूस म्हणतो, माझे शरीरच असे. उलट बाजूला एक जुना हिशेब आहे: ७,७०० कॅलरी कमी खाल्ल्या की एक किलो गेले. तो १९५८ पासून चालत आलेला आहे, आणि तो सरळ रेषेत वर्षानुवर्षे लावला की फसतो, कारण वजन उतरते तशी शरीराची गरजही उतरते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केविन हॉल यांनी २०११ मध्ये अधिक खरा अंदाज मांडला. रोज १०० कॅलरी कायमच्या कमी केल्या तर सरासरी प्रौढाचे वजन अखेर साडेचार किलोच्या आसपास कमी होते. त्यातले निम्मे पहिल्या वर्षात, आणि जवळजवळ सगळे तीन वर्षांत. १०० कॅलरी म्हणजे अडीच लहान चमचे तेल. हा वेग कोणालाच आवडत नाही, मथळ्यात तर मुळीच शोभत नाही. पण यात कोणी उपाशी राहिलेले नसते.

वजन रोज करावे की आठवड्याने यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मीठ, पाणी, पोट साफ होणे यांनी एका दिवसात किलोभर मागेपुढे होते, एवढे ध्यानात ठेवून कधीही करा.

पाकिटांवरच्या ‘प्रति सर्व्हिंग’ या आकड्याबद्दल वाचकांना एकदा नीट सांगा. ते माप किती खावे याचा सल्ला नसते. अमेरिकेत तर कायदाच असा की लोक सहसा किती खातात त्यावरून ते ठरवावे. म्हणून २०१६ च्या नियमांत आइस्क्रीमचे माप अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कप झाले. लोक जास्त खाऊ लागले, तर माप मोठे झाले. पाकिटावर पाहायचे ते १०० ग्रॅममागचे आकडे, आणि आपल्या हातातले पाकीट किती ग्रॅमचे आहे ते.

हे सगळ्यांसाठी नाही. वाढती मुले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, आजारातून उठलेले, खाण्याशी ज्यांचे नाते पूर्वी बिघडलेले आहे असे लोक, यांच्या ताटातले आपल्या मनाने कमी करू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना जेवण घटवले तर साखर धोक्याच्या खाली जाऊ शकते. आधी डॉक्टरांशी बोलावे. वृद्धांच्या बाबतीत तर आमच्या स्वयंपाकघरात उलटी खटपट चाले, दोन घास जास्त कसे जातील याची. हल्ली भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आहे. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणाऱ्यांना नावे ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. ज्याची भूक आजाराने बिघडली आहे त्याला डाव दाखवून उपयोग नसतो.

तर विनंती अशी. प्रत्येक पाककृतीखाली तीन गोष्टी छापा: हे किती जणांसाठी, एका जणाच्या वाट्याला किती मिलीलिटर किंवा ग्रॅम, आणि तेल, तूप, लोणी, साखर यांचे आकडे चमच्यात, तो चमचा किती मिलीलिटरचा ते लिहून. पाककृती पाठवणाऱ्या मंडळींना हे जाचक वाटेल. ‘आमचा हात बसलेला आहे, आम्ही मोजत नाही’ असे त्या म्हणतील, आणि ते खरेही असेल. पण वाचणारीचा हात बसलेला नसतो. ज्या पाककृतीत आकडा देता येत नाही ती एकदा मोजून करून पाहा आणि मग पाठवा, असे त्यांना कळवायला काय हरकत आहे? जागेची अडचण असेल तर पदार्थाचा फोटो बोटभर लहान करा. आणि तीनही छापणे लगेच जमणार नसेल तर येत्या अंकापासून निदान तेलाचा आकडा तरी द्या.

कळावे,
आपली,
रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली एक वाचक